परदेशात सूट शिवून घेताना: ग्वाल्हेरहून निघणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

बँकॉकच्या सहलीतच सूट शिवून घ्यावा का, हा प्रश्न दिवाळी उलटून लग्नसराई जवळ आली की ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांमध्ये हमखास निघतो. कापडाचा भाव आणि दुकानाचे नाव या गोष्टी पुढच्या. आधी पाहावे ते एका शहरातल्या मुक्कामाचे दिवस. एकाच शहरात सलग चार-पाच दिवस राहणार असाल आणि त्या काळात निदान तीनदा अर्धा-पाऊण तास दुकानातल्या आरशासमोर उभे राहण्याची तयारी असेल, तर तिकडे शिवलेला सूट किफायतशीरही पडतो आणि अंगालाही नीट बसतो. दोन रात्री इथे, दोन रात्री तिथे अशी धावती सहल असेल, तर सूट ग्वाल्हेरातच शिवावा आणि तिकडे निवांत फिरावे. सूटचे खरे काम ट्रायलमध्ये होते, म्हणून परदेशातल्या टेलरकडे सवलतीच्या आधी ट्रायल मागाव्यात. पुढे सांगितलेले सगळे टप्पे याच एका गोष्टीभोवती आखलेले आहेत.

स्वस्त म्हणजे कशाच्या मानाने

युरोप-अमेरिकेतून आलेल्या पर्यटकाला बँकॉकचा सूट स्वस्त वाटतो, कारण त्याच्या गावी शिलाईची मजुरीच आवाक्याबाहेरची असते. आपला हिशोब वेगळा आहे. महाराज बाड्याच्या आसपासच्या कापडबाजारातून सूट-लेंग्थ घेऊन ओळखीच्या टेलर मास्टरकडे टाकली, तर होणारा खर्च हीच आपली खरी तुलना. त्यातून ग्वाल्हेरकरांना सूटिंगचे अप्रूप नाही. १९४७ साली इथे स्थापन झालेल्या बिर्लांच्या ग्वालियर रेयॉन कंपनीच्या कापडाने शहराचे नाव घरोघरी नेले, क्रिकेटपटू पतौडींच्या जाहिराती जुन्या माणसांना अजून आठवतात, आणि बिर्लानगरची जेसी मिल बंद होऊन काळ लोटला तरी कापड बोटांत धरून पारखणारे एखादे काका प्रत्येक मोठ्या कुटुंबात निघतात. निघण्यापूर्वी अशा काकांशी तासभर बोलणे फायद्याचे ठरते.

पॉलिएस्टर-व्हिस्कोसच्या मिश्र कापडाचा, आत नुसते बक्रम चिकटवलेला सूट परदेशातून आणण्यात काहीच अर्थ नाही. तो इथे कमी पैशांत मिळतो आणि बिघडला तर शिवणारा माणूस समोर असतो. तिकडे जाऊन घ्यावा तो चांगल्या लोकरी कापडाचा, आत अर्धे किंवा पूर्ण कॅनव्हास (कोटाला आकार देणारा, टाक्यांनी बसवलेला मधला थर) घातलेला आणि हलक्या खांद्यांचा सूट. असा कट शिवणारे कारीगर आपल्याकडे मोठ्या शहरांत आहेत, पण ते सहज परवडत नाहीत. बँकॉकमध्ये दोन-तीन ट्रायल देऊन शिवलेल्या अर्ध्या कॅनव्हासच्या लोकरी सूटला साधारणपणे १५ ते २५ हजार बाथ पडतात, आणि एक बाथ अडीच ते तीन रुपयांच्या घरात धरला तर रक्कम डोळ्यांसमोर येते. होई आनमध्ये साधा सूट १५० ते ३५० डॉलरमध्ये होतो; हाँगकाँग या दोन्हींपेक्षा बरेच महाग आहे.

बंदगळा, जोधपुरी किंवा शेरवानी हवी असेल, तर मात्र परदेशाचा विचारच नको. त्या कपड्यांची गळपट्टी आणि छातीचा उतार आपल्याच कारागिरांच्या हातात बसलेला आहे. साडीवरच्या ब्लाऊजचेही तेच. होई आनची दुकाने बायकांचे ब्लेझर आणि ड्रेस सुरेख शिवतात, पण ब्लाऊज त्यांच्याकडे टाकू नये.

कोणते शहर

ग्वाल्हेरच्या प्रवाशाला बँकॉक सर्वांत सोयीचे आहे. दिल्लीपर्यंत चार तासांच्या आत पोचवणाऱ्या गाड्या आहेत आणि दिल्लीहून पुढे साधारण चार तासांचे थेट विमान. सुखुमवित रस्त्यावर नाना ते असोक या पट्ट्यात, तसेच सिलोम आणि चरोन क्रुंग या भागांत टेलरांची दुकाने दाटीने आहेत. त्यांतल्या पुष्कळ दुकानांचे मालक भारतीय वंशाचे, विशेषतः शीख आणि पंजाबी असल्यामुळे बोलणे हिंदीत होऊ शकते. शिखांच्या गुरुद्वाराजवळचा फाहुरात हा जुना कापडबाजारही तिथेच आहे. भाषेची ही सोय खरी, पण तिचा तोटाही आहे: ‘अपने ही आदमी हो, आपसे क्या कमाना’ हे वाक्य कानावर पडले की अनेकांची चौकशी तिथेच थांबते. ती थांबू देऊ नये.

व्हिएतनाममधले होई आन हे जुने बंदर १९९९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. दा नांगच्या विमानतळापासून ते सुमारे ३० किलोमीटरवर आहे, आणि त्या छोट्या गावात शेकड्यांनी टेलर आहेत. दर कमी आणि कामाचा वेग अचाट, पण दुकानात फक्त माप घेतले जाते आणि शिवण बहुधा गावातल्या वेगळ्या कारखान्यात होते. एकच कारखाना अनेक दुकानांचे काम घेत असल्यामुळे दुकानाच्या झगमगाटावरून शिलाईचा अंदाज बांधता येत नाही. आणखी एक गोष्ट आपल्या लोकांच्या ध्यानात येत नाही: आपली दिवाळीची सुट्टी बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येते आणि होई आनमध्ये नेमका तोच जोरदार पावसाचा काळ असतो. तू बोन नदीचे पाणी त्या दिवसांत जुन्या गावाच्या रस्त्यांवर येते, दुकाने माल वरच्या मजल्यावर हलवतात आणि ठरलेल्या ट्रायल पुढे ढकलल्या जातात. तिथे जायचे तर फेब्रुवारीअखेर ते मे हा काळ बरा.

हाँगकाँगच्या सूटची ख्याती जुनी आहे. १९४९ च्या सुमारास शांघायमधून तिकडे गेलेल्या चिनी शिंप्यांनी तिचा पाया घातला, सिंधी व्यापाऱ्यांनी ती परदेशी गिऱ्हाइकांपर्यंत नेली, आणि व्हिएतनाम युद्धाच्या काळात सुट्टीवर येणाऱ्या अमेरिकन सैनिकांनी तिला बाजार दिला. पुढे हॉटेलव्यवसायात नाव काढलेले हरिलेला कुटुंबही आधी शिलाईच्याच धंद्यात होते. आज चिम शा चुई भागात ही परंपरा टिकून आहे. पहिलाच सूट असेल आणि जपून खर्च करायचा असेल, तर हाँगकाँग वगळावे.

तारखा ठरवताना स्थानिक सणही पाहावेत. थायलंडमध्ये १३ ते १५ एप्रिल सोंगक्रान असतो, व्हिएतनाममध्ये जानेवारी-फेब्रुवारीत तेत हे तिथले नववर्ष आणि हाँगकाँगमध्ये त्याच सुमारास चिनी नववर्ष. दुकान उघडे दिसले तरी शिवणारे कारीगर तेव्हा गावी गेलेले असतात.

निघण्यापूर्वीची तयारी

सर्वांत आधी सूट कुठे आणि कधी घालणार हे ठरवावे, कारण कापडाचे वजन त्यावरून ठरते. इथे अनेकांची गफलत होते. डिसेंबर-जानेवारीत ग्वाल्हेरचे किमान तापमान पाच अंशांच्या आसपास किंवा त्याखालीही जाते, आणि लग्नाचे रिसेप्शन असते उघड्या मॅरेज गार्डनमध्ये, रात्री नऊनंतर, धुक्यात. कापड मात्र निवडले जाते बँकॉकच्या घामट दुपारी. तिथे २४० ग्रॅमचे झुळझुळीत कापड हाताला गार वाटते आणि तेच पसंत पडते. घरी आल्यावर त्यावर शाल पांघरायची वेळ येते. ग्वाल्हेरच्या हिवाळी लग्नांसाठी दर मीटर लांबीला (दीड मीटर पन्हा धरून) २८० ते ३२० ग्रॅम वजनाचे कापड योग्य असते, आणि जरा जड कापड अंगावर पडतेही सुबक. बंगळुरू-मुंबईच्या कार्यालयात वापरायचा असेल तर २४० ते २६० ग्रॅम पुरतात. हा आकडा कागदावर लिहून खिशात ठेवावा आणि दुकानात गेल्यावर बदलू नये.

दुसरे, अंगाला सर्वांत चांगला बसणारा एखादा जुना कोट बरोबर न्यावा. माप टेपने घेतले तरी तुम्हाला किती सैल आवडते हे टेप सांगत नाही, कोट सांगतो. ज्या बुटांवर सूट घालणार ते बूट आणि अंगाला नीट बसणारा पूर्ण बाह्यांचा शर्ट न्यावा, कारण चपला आणि टी-शर्टवर घेतलेल्या ट्रायलमध्ये पँटची लांबी आणि बाहीची लांबी हमखास चुकते. आपल्या टेलर मास्टरकडून छाती, पोट, सीट, खांदा, बाही, कोटाची लांबी, मांडी आणि मोहरी (पँटच्या पायाचा खालचा घेर) ही मापे लिहून घ्यावीत. ती परदेशी टेलरला द्यायची नसून त्याने घेतलेल्या मापांशी ताडून पाहण्यासाठी आहेत. दोहोंत एक-दीड इंचाचा फरक दिसला, तर पुन्हा टेप लावायला सांगावे.

आवडलेल्या कटाची दोन-तीन छायाचित्रे फोनमध्ये असावीत. लॅपलची (कॉलरखाली छातीवर दुमडलेल्या पट्टीची) रुंदी, एक बटण की दोन, मागचा काप मधोमध की दोन्ही बाजूंना, खिसे सरळ की तिरके, पँटला प्लेट हवी की नको, या गोष्टी घरी ठरवून लिहून ठेवाव्यात. दुकानात एकदा का थंड पेय हातात आले आणि नमुन्यांची पुस्तके उघडली गेली, की माणूस पाहता पाहता जांभळ्या अस्तराला होकार देऊन बसतो.

दोन-तीन दुकानांना आधीच ई-मेल करून अर्ध्या कॅनव्हासचा सूट शिवता का, किती ट्रायल देता आणि किती दिवस लागतात, एवढे तीन प्रश्न विचारावेत. ज्याचे उत्तर ‘चोवीस तासांत’ असे येईल, ते दुकान यादीतून काढावे. त्याचप्रमाणे ज्या दुकानापर्यंत रिक्षावाला किंवा रस्त्यावरचा गोडबोल्या माणूस नेतो, तिथे पाऊल टाकू नये. बँकॉकच्या राजवाड्याजवळ ‘आज राजवाडा बंद आहे’ असे सांगून नाममात्र भाड्यात टुकटुकमधून फिरवायचे आणि वाटेत टेलर व रत्नांच्या दुकानांत थांबवायचे, ही फसवणूक फार जुनी आहे. त्या चालकाला मिळणारे कमिशन शेवटी गिऱ्हाइकाच्याच बिलातून निघते.

दिवसांची आखणी

ज्या दिवशी उतराल त्याच दिवशी संध्याकाळी माप द्यावे. दुसऱ्या दिवशी उशिरा किंवा तिसऱ्या दिवशी पहिली ट्रायल, चौथ्या दिवशी दुसरी, पाचव्या दिवशी शेवटची, आणि त्यानंतर अर्धा दिवस तरी हातात शिल्लक राहावा. विमानाच्या दिवशी सकाळी सूट घ्यायला जाणे टाळावे; चूक निघाली तर ती सुधारायला वेळच उरत नाही आणि हे दुकानदारालाही पक्के ठाऊक असते. बँकॉकहून फुकेत किंवा पट्टायाला जाऊन परत बँकॉकलाच येणार असाल, तर ते फारच चांगले: जाण्यापूर्वी माप आणि पहिली ट्रायल उरकावी, आल्यावर उरलेल्या दोन. कारीगरांना मधले दिवस मिळतात आणि तुमची सहलही दुकानाला बांधली जात नाही.

कापडाची पारख

‘सुपर १२०’, ‘सुपर १५०’ हे आकडे लोकरीच्या तंतूचा बारीकपणा सांगतात. सुपर १०० म्हणजे तंतूची जाडी १८.७५ मायक्रॉनपर्यंत, सुपर १२० म्हणजे १७.७५ पर्यंत. आकडा वाढेल तसे कापड मऊ आणि नाजूक होत जाते, चुरगळतेही लवकर. रोजच्या किंवा लग्नाकार्याच्या वापराला सुपर १०० ते १२० पुरेसे आहे. त्याहून वरच्या आकड्यासाठी जादा पैसे मोजण्यात मला काही शहाणपणा दिसत नाही. कापडाच्या काठावर विणलेल्या इटालियन किंवा इंग्लिश नावावरही विसंबू नये, कारण ती अक्षरे कुणालाही विणून घेता येतात.

दुकानदाराला चार-सहा धागे काढून जाळून दाखवायला सांगावे. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि मागे चिमटीत चुरडणारी राख राहते. पॉलिएस्टर वितळते आणि थंड झाल्यावर त्याचा कडक मणी होतो. ताणा आणि बाणा असे उभे-आडवे दोन्ही धागे जाळावेत, नाहीतर मिश्र कापड शुद्ध लोकर म्हणून खपून जाते. प्रामाणिक दुकानदार याला हरकत घेत नाही. कोट-पँटच्या सूटला दीड मीटर पन्ह्याचे सुमारे सव्वातीन मीटर कापड लागते. बजेट ताणता येत असेल तर दुसरा सूट घेण्याऐवजी त्याच थानातून दुसरी पँट शिवून घ्यावी. कोटापेक्षा पँट फार लवकर झिजते.

कापड इथून नेऊन तिकडे फक्त शिलाई द्यावी, असा विचार काहींच्या मनात येतो. पण दुकानांचा बराचसा नफा कापडात असल्यामुळे ती अशा कामाला नाखूश असतात, आणि नाखुशीने घेतलेल्या कामाला ट्रायलही कमीच मिळतात.

कोटाच्या आत काय आहे

कोटाला आकार येतो तो वरचे कापड आणि अस्तर यांच्या मधल्या थरामुळे. स्वस्त कोटात हा थर गोंदाने वरच्या कापडाला चिकटवलेला असतो. काही ड्रायक्लीननंतर गोंद सुटून छातीवर फुगे येतात, आणि ते कुणालाच दुरुस्त करता येत नाहीत. पूर्ण कॅनव्हासच्या कोटात खांद्यापासून तळापर्यंत लोकर व घोड्याच्या केसांचे कॅनव्हास टाक्यांनी बसवलेले असते. अर्ध्या कॅनव्हासमध्ये ते छाती आणि लॅपलपुरते असते आणि खाली बक्रम. आपल्या कामाला अर्धे कॅनव्हास पुरते.

दुकानदार जे सांगतो ते खरे आहे का, हे दुकानात टांगलेल्या तयार कोटावर पाहता येते. दुसऱ्या बटणाच्या वर, छातीच्या जरा खाली, पुढच्या पल्ल्याचे वरचे कापड एका हाताच्या चिमटीत आणि आतले अस्तर दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरून दोन्ही हलकेच एकमेकांपासून दूर ओढावे आणि बोटे एकमेकांवर चोळावीत. वरचे कापड आणि अस्तर यांच्या मध्ये एक तिसरा, किंचित खरखरीत थर स्वतंत्रपणे सरकताना जाणवला, तर तिथे कॅनव्हास आहे. वरचे कापडच पुठ्ठ्यासारखे जाड लागले आणि मध्ये काहीच हलले नाही, तर सगळे चिकटवलेले आहे. हीच चिमूट मग खालच्या बटणाच्या काजाखाली घ्यावी. तिथेही तिसरा थर मोकळा लागला तर कॅनव्हास पूर्ण आहे. लॅपलची घडीही पाहावी: इस्त्रीने दाबून धारदार केलेली घडी म्हणजे गोंद, आणि गोलाकार वळत खाली येणारी घडी म्हणजे बहुधा कॅनव्हास.

पावती आणि पैसे

पावतीवर कापडाचा क्रमांक, त्याचे घटक, वजन, आतले कॅनव्हास कोणते, पँट किती, ट्रायल किती, शेवटची तारीख आणि एकूण रक्कम हे सगळे लिहून घ्यावे. निवडलेल्या थानाचा बोटभर तुकडा कापून पावतीला टाचून घ्यावा आणि त्याचे छायाचित्र काढावे. पहिल्या ट्रायलला तो तुकडा कोटाशेजारी धरून पाहायचा असतो, कारण दाखवले एक आणि शिवले दुसरेच, ही तक्रार या धंद्यात सर्रास ऐकू येते. आगाऊ रक्कम तीस ते पन्नास टक्क्यांच्या पुढे देऊ नये. उरलेले पैसे शेवटच्या ट्रायलनंतर, सूट अंगावर असताना द्यावेत. कार्ड वापरताना यंत्र रुपयांत पैसे घेऊ का असे विचारते, तेव्हा स्थानिक चलनच निवडावे, कारण रुपयांचा पर्याय घेतला की बदलाचा दर बहुधा महाग पडतो.

घासाघीस करायची तर दरापेक्षा कामावर करावी. एक जादा ट्रायल, चांगली शिंगाची बटणे, उरलेले कापड परत, आणि शिवणीत भरपूर माया, म्हणजे आत राखलेले जास्तीचे कापड. पँटच्या मागच्या शिवणीत आणि कोटाच्या पाठीच्या मधल्या शिवणीत निदान इंचभर माया असली, तर पुढे पोट सुटले तरी सूट वाया जात नाही. लग्नघरी पंगती सुरू झाल्या की याचे महत्त्व पटते.

ट्रायल

पहिल्या ट्रायलला कोट अर्धवट असायला हवा: कच्चे पांढरे टाके दिसणारा, अस्तर न लावलेला, काज न कापलेला. तुमच्यासमोर काज-बटणांसह पूर्ण झालेला कोट आला, तर कापण्याचे सगळे निर्णय होऊन गेले आहेत आणि आता फक्त इकडे-तिकडे दाबणे शक्य आहे, असे समजावे. अशा वेळी कच्च्या टाक्यांची ट्रायल ठरली होती हे पावती दाखवून शांतपणे सांगावे.

आरशासमोर नेहमीसारखे उभे राहावे. छाती काढून ताठ उभे राहिले तर सूट त्या ताठ माणसाचा होतो. तपासणी खांद्यापासून सुरू करावी, कारण खांदा आणि मुंढा (बाही जोडतो तो घेर) पुढे कुणालाही नीट दुरुस्त करता येत नाही. बाजूने भिंतीला टेकून पाहावे: दंडाआधी खांद्याचे पॅडिंग भिंतीला लागले तर खांदा रुंद आहे. बाहीच्या वरच्या टोकाला खळगा पडला तरी तेच. अनेकांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली असतो. टेलरने ते स्वतःहून टिपले असेल तर माणूस जाणकार आहे. नसेल टिपले, तर तुम्ही दाखवून द्यावे, म्हणजे त्या बाजूला पातळसे जास्तीचे पॅडिंग घालता येते.

मग कॉलर. ती शर्टच्या कॉलरला सगळीकडून टेकलेली हवी आणि मान वळवली तरी मागे फट पडायला नको. कॉलरच्या खाली पाठीवर आडवी वळी पडत असेल, तर तेवढे कापड वरून कमी करावे लागते. पोक असलेल्या माणसाला पाठीची लांबी उलट वाढवून द्यावी लागते. नंतर वरचे बटण लावून पोटाकडे पाहावे. बटणापासून फुलीसारख्या ताणाच्या रेघा निघत असतील तर कोट घट्ट आहे. बटण लावल्यावर आत मूठ शिरावी, पण लोंबू नये. नेमके इथेच दुकानदार हसून म्हणतो, ‘भाईसाब, ये प्रेस में निकल जाएगा.’ इस्त्रीने जातात त्या चुरगळीच्या सुरकुत्या. ताणाची रेघ जात नाही, तिला कापडच सोडावे लागते. म्हणून प्रत्येक रेघेपाशी खडूची खूण किंवा टाचणी पडल्याशिवाय पुढे सरकू नये.

पाठ स्वतःला दिसत नाही. कुणाला तरी बरोबर न्यावे किंवा फोनवर पाठीचे, दोन्ही बाजूंचे आणि समोरचे छायाचित्र काढायला सांगावे, आणि ते मोठे करून पाहावे. मागचा काप उभे असताना मिटलेला हवा. कोटाचा तळ पुढे-मागे सारखा हवा आणि लांबी सीट झाकण्याइतकी. आखूड कोटाची फॅशन बदलत राहते, पण लांबी पुढे वाढवता येत नाही, म्हणून या बाबतीत तरुणांनीही अर्धा इंच जपून धरावा.

मुंढ्यासाठी आपल्याकडची साधी परीक्षा आहे: अक्षता टाकताना हात जसा पुढे-वर जातो तसा तो न्यावा. हाताबरोबर सगळा कोटच वर उचलला गेला आणि कॉलर मानेपासून सुटली, तर मुंढा खाली आहे आणि तो वर घ्यायला सांगावे. हे काम पहिल्या ट्रायललाच होते. बाही मनगटाच्या हाडापाशी संपावी आणि तिच्याखाली शर्टची अर्धा इंच पट्टी दिसावी. बाहीच्या तळाशी खरी काजे हवी असतील, तर ती शेवटच्या ट्रायलपर्यंत कापू देऊ नयेत. एकदा कापली की लांबी बदलणे अवघड होते.

पँट उभ्याने आणि बसून, दोन्ही प्रकारे पाहावी. खिशात फोन, पाकीट ठेवून खुर्चीवर बसावे, पाय दुमडून पाहावे, जिना असेल तर दोन पायऱ्या चढाव्यात. सीटखाली आडव्या रेघा म्हणजे घट्ट, उभ्या घड्या म्हणजे सैल. मोहरी बुटावर किंचित टेकावी, तिचा ढीग होऊ नये.

दुसऱ्या ट्रायलला आधीच्या खुणा सुधारल्या आहेत का एवढेच पाहावे, नव्या कल्पना काढू नयेत. तिसऱ्या वेळी शिलाई तपासावी: काजांचे धागे, खिशांच्या झडपा दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर आहेत का, चौकटीच्या कापडाच्या रेघा शिवणीवर जुळतात का, अस्तर तळाशी ताणले तर जात नाही ना. उरलेले कापड आणि दोन जादा बटणे तेव्हाच मागून घ्यावीत.

परतीचा प्रवास

थायलंडमध्ये सात टक्के व्हॅट असतो. पर्यटकांना परतावा देणाऱ्या दुकानातून एका दिवशी निदान २,००० बाथची खरेदी केली असेल, तर दुकानाकडून पी.पी. १० हा अर्ज भरून घ्यावा. खरेदी ठराविक रकमेच्या पुढे असेल तर विमानतळावर बॅग चेक-इनमध्ये देण्याआधी कपडे आणि अर्ज सीमाशुल्क अधिकाऱ्याला दाखवून शिक्का घ्यावा लागतो, आणि पैसे इमिग्रेशन ओलांडल्यावरच्या खिडकीवर मिळतात. खरेदीपासून साठ दिवसांत माल देशाबाहेर गेला पाहिजे. हाँगकाँगमध्ये विक्रीकरच नसल्याने हा खटाटोप नाही.

भारतात उतरल्यावरच्या करमुक्त मर्यादेचाही विचार करावा. २०१६ च्या बॅगेज नियमांनी ती ५०,००० रुपये ठेवली होती. अशा मर्यादा बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर चालू आकडा पाहावा आणि पावत्या हाताशी ठेवाव्यात. सूट मागाहून कुरियरने पाठवतो असे दुकानदाराने सुचवले, तर शक्यतो नकार द्यावा. पार्सलला प्रवाशाची सवलत लागू होत नाही, आणि शेवटची ट्रायल न होताच पैसे देऊन झालेले असतात.

कोट बॅगेत भरताना एक खांदा उलटा करून दुसरा त्यात बसवावा, अस्तर बाहेर येईल अशी घडी घालावी आणि तो हातातल्या सामानात ठेवावा. दिल्लीहून येताना गाडीत मिळालेल्या खुंटीवर कव्हरसह टांगला तर घरी येईपर्यंत निम्म्या सुरकुत्या गेलेल्या असतात. उरलेल्या न्हाणीघरात गरम पाण्याच्या वाफेत जातात.

घरी आल्यावर

पँटची कंबर, लांबी आणि बाहीची थोडी कमी-जास्त लांबी ही कामे ग्वाल्हेरातला कोणताही चांगला टेलर करून देतो. खांद्याला मात्र हात लावू देऊ नये. लोकरी सूट प्रत्येक वापरानंतर ब्रशने झाडून रुंद खांद्याच्या हँगरवर एक दिवस हवेत राहू द्यावा, आणि ड्रायक्लीन हंगामातून एकदाच, डाग पडला तरच मध्ये. चातुर्मासात कपाट ओलसर होते आणि कसर लागते, तेव्हा सुती कव्हरमध्ये डांबरगोळ्या किंवा वाळवलेला कडुलिंबाचा पाला ठेवावा. प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये सूट कोंडू नये.

बहुतेक दुकाने माप जपून ठेवतात आणि पुढची ऑर्डर ई-मेलवर घेतात. ती देण्याची घाई करू नये. पहिला सूट एक लग्नसराई, एक पावसाळा आणि एक ड्रायक्लीन यांतून जाऊ द्यावा, त्यानंतर छातीवर फुगे आलेत का, शिवणी सुटल्यात का हे पाहावे, आणि काय बदलायचे त्याची छायाचित्रे काढून दुकानाला पाठवावीत. दुसरा सूट शिवायचाच असेल, तर तोही पुढच्या फेरीत, समोर उभे राहून, निदान एक ट्रायल देऊन.